गोथा बॉम्बर: लंडनवर चालून गेलेल्या जर्मन विमानाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्या महायुद्धातल्या विमानांचा विषय निघाला की लाल रंगाच्या तीनपंखी विमानातला जर्मन लढाऊ वैमानिक रिश्टहोफेन बहुतेकांना आठवतो. गोथाचं नाव कानावरून गेलेलं असतं, पण बाकी सगळी सरमिसळ असते. कुणी त्याला झेपेलिन, म्हणजे वायूने भरलेलं अवाढव्य हवाई जहाज, समजतं, कुणी दुसऱ्या महायुद्धात नेऊन बसवतं. विमान म्हणून गोथा मध्यमच होतं, पण युद्ध आघाडीवरून उचलून शहरातल्या घरात आणि शाळेत नेण्याचं काम त्याने जितकं केलं, तितकं त्याआधी कुठल्याच विमानाने केलं नव्हतं. म्हणून ते नीट समजून घ्यायला हवं.

गोथा म्हणजे नेमकं कोणतं विमान?

गोथा हे जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतातलं एक शहर. तिथल्या ‘गोथाएर वागॉनफाब्रीक’ या रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कारखान्याने दोन इंजिनांच्या बॉम्बर विमानांची एक मालिकाच बनवली. जर्मन सैन्यात दोन इंजिनांच्या मोठ्या विमानांना ‘जी’ हे अक्षर होतं, त्यामुळे ही विमानं जी-१ पासून जी-५ पर्यंत ओळखली जातात. लोक नुसतं ‘गोथा’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर बहुतेक वेळा जी-४ असतं. तेच सर्वात जास्त बनलं, सुमारे २३०. त्यातली बरीचशी मूळ कारखान्यात बनलीच नाहीत, ती एलव्हीजी आणि सीमेन्स-शुकर्ट या कंपन्यांनी परवान्याखाली बनवली.

युद्धाच्या शेवटी शेवटी तर ब्रिटिश आणि फ्रेंच लोक कुठल्याही जर्मन बॉम्बरला सरसकट ‘गोथा’ म्हणू लागले होते. त्यामुळे त्या काळच्या वर्तमानपत्रांत ‘गोथा’ असं छापलेलं दिसलं, तरी ते विमान फ्रीड्रिशहाफेन किंवा एईजी कंपनीचं असू शकतं.

रेल्वेचे डबे बनवणाऱ्यांना विमान कसं जमलं?

तेव्हाची विमानं लाकूड, प्लायवूड, पोलादी नळ्या, तारा आणि कापड यांचीच असत. डब्यांच्या कारखान्यात कसलेले सुतार, लोहार आणि मोठ्या शेड होत्याच. १९१३ मध्ये त्यांनी विमानविभाग उघडला आणि सुरुवातीला ‘टाउबे’ प्रकारची साधी विमानं बनवली.

पहिला बॉम्बर, जी-१, ऑस्कर उर्सिनुस यांच्या कल्पनेतून आला आणि दिसायला फारच विचित्र होता. विमानाचा मुख्य सांगाडा वरच्या पंखाला चिकटलेला, इंजिनं खालच्या पंखावर एकमेकांच्या अगदी जवळ. त्यामागे विचार होता: एक इंजिन बंद पडलं तर विमान एका बाजूला फार ओढलं जाऊ नये. अशी थोडीच विमानं बनली. मग हान्स बुर्कहार्ड यांनी पाटी कोरी करून नवं डिझाइन केलं, सांगाडा नेहमीसारखा खाली आणि इंजिनं दोन पंखांच्या मध्ये. १९१६ चं जी-२ हे त्याचं पहिलं रूप. त्यात आठ सिलिंडरचं मर्सिडीज डी-४ इंजिन बसवलं आणि तिथेच घोडं अडलं. या इंजिनाचा क्रँकशाफ्ट, म्हणजे आतला मुख्य फिरता दांडा, वरचेवर तुटायचा. जी-३ मध्ये २६० अश्वशक्तीचं, सहा सिलिंडरचं मर्सिडीज डी-४ए आलं आणि विमान कामाचं झालं. पुढच्या जी-४ आणि जी-५ मध्येही हेच इंजिन राहिलं.

जी-४ आतून कसं होतं? त्यात किती माणसं बसायची?

पंखांचा विस्तार जवळजवळ २४ मीटर, लांबी १२ मीटरच्या आसपास, वेग ताशी साधारण १३५ किलोमीटर. माणसं तीन. नाकाशी, उघड्यावर, निरीक्षक. मोहिमेचा प्रमुख पायलट नव्हे, हा निरीक्षक असायचा. वाट शोधणं, गोएर्झ कंपनीच्या दुर्बिणीतून नेम धरणं, बॉम्ब सोडणं आणि पुढची मशीनगन चालवणं, ही सगळी त्याचीच कामं. त्याच्या मागे पायलट, पण मधोमध नाही, डावीकडे सरकून. उजवीकडे एक अरुंद बोळ ठेवलेला असे, म्हणजे माणसाला पुढून मागे सरकत जाता यावं. पंखांच्या मागे तिसरा गडी, मागचा गनर.

इंजिनांचे पंखे पुढे नव्हते, मागे होते. म्हणजे ते विमानाला ओढत नसत, ढकलत असत. त्यामुळे नाकावरच्या माणसाला समोरचं सगळं मोकळं दिसे, पण मागचा गनर दोन फिरत्या पंख्यांच्या मधोमध बसलेला असे.

‘गोथाचा बोगदा’ म्हणजे काय?

त्या काळी लढाऊ विमानांचे पायलट बॉम्बरच्या मागून आणि खालून येत. कारण सोपं होतं: मागच्या गनरला स्वतःच्याच विमानाचं शेपूट आडवं येई आणि खालचं काही दिसत नसे. गोथाच्या अभियंत्यांनी सांगाड्याच्या पाठीवर एक खाच ठेवली आणि पोटाचा भाग कमानीसारखा कापून मोकळा केला. गनरने बंदूक खाली वळवली की गोळ्या त्या बोगद्यातून विमानाच्या खाली, मागच्या दिशेने जात. ज्या जागेला आंधळी जागा समजून ब्रिटिश पायलट निर्धास्त यायचे, तिथूनच त्यांच्यावर मारा होऊ लागला. सांगाडा कमकुवत न करता त्यात एवढं भगदाड पाडायचं, हे सोपं नव्हतं. जी-४ मध्ये सांगाडा पूर्ण प्लायवूडने मढवला होता, त्यामुळे तो मजबूत राहिला, आणि समुद्रात उतरावं लागलं तर काही काळ तरंगण्याची आशाही होती.

झेपेलिन असताना विमानांची गरज का पडली?

१९१५ पासून झेपेलिन लंडनवर येत होती आणि सुरुवातीला त्यांना कुणी हात लावू शकत नव्हतं. पण त्यांच्या पोटात हायड्रोजन होता. ब्रिटिशांना पेटत्या आणि स्फोटक गोळ्या एकत्र वापरायची युक्ती सापडली, आणि २-३ सप्टेंबर १९१६ च्या रात्री विल्यम लीफ रॉबिन्सन या ब्रिटिश पायलटने एसएल-११ हे जर्मन हवाई जहाज लंडनच्या उत्तरेला पेटवून पाडलं. त्यानंतर एकामागून एक जहाजं जळाली.

विमानांनी इंग्लंड गाठायचा जर्मन विचार मात्र १९१४ पासूनच होता. बेल्जियमच्या किनाऱ्यावर त्यासाठी एक तुकडीही उभारली होती, गुप्ततेसाठी तिचं नाव ठेवलं होतं ‘ओस्टेंडचा संदेशवाहक कबुतर विभाग’. पण तेवढ्या पल्ल्याचं विमानच हाताशी नव्हतं. ते गोथाच्या रूपाने आलं. जर्मन हवाई दलाचे प्रमुख जनरल फॉन हॉपनर यांनी ‘टुर्केनक्रॉइत्स’ नावाची मोहीम आखली. कामगिरी कागोल-३ या दलाकडे गेली आणि त्याचे प्रमुख होते हाउप्टमान, म्हणजे कॅप्टन, अर्न्स्ट ब्रांडेनबुर्ग. बेल्जियममधल्या गेंट शहराभोवतीच्या मैदानांवर त्यांनी तळ ठोकला.

पहिला हल्ला लंडनवरच झाला का?

नाही. २५ मे १९१७ ला निघालेली विमानं लंडनलाच जायची होती, पण वाटेत ढग दाटून आले. ब्रांडेनबुर्गने मोहरा दक्षिणेला वळवला आणि फोकस्टन या किनाऱ्यावरच्या गावावर बॉम्ब पडले. शुक्रवारची संध्याकाळ होती, सुट्टीच्या आधीचा दिवस. टोंटाइन स्ट्रीटवर भाजीच्या दुकानासमोर बायकापोरांची रांग लागलेली होती आणि एक बॉम्ब नेमका तिथे पडला. गावात धोक्याची सूचना कुणी दिलीच नव्हती. फोकस्टन आणि शेजारची शॉर्नक्लिफची लष्करी छावणी मिळून ९५ माणसं गेली.

१३ जून १९१७ चा उल्लेख सगळीकडे येतो. त्या दिवशी काय झालं?

बुधवार, दुपारच्या थोडं आधीची वेळ. १४ गोथा ओळीने लंडनवर आली. आकाश बऱ्यापैकी स्वच्छ होतं आणि विमानं इतकी संथ, इतकी शिस्तीत जात होती की रस्त्यावरच्या लोकांना ती आपलीच वाटली. दुकानांतून, कचेऱ्यांतून माणसं बघायला बाहेर आली. बॉम्बचा मोठा मारा लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनच्या परिसरात झाला. त्या दिवसाचे बळी १६२, जखमी ४३२. पहिल्या महायुद्धात ब्रिटनवर झालेल्या कुठल्याही एका हवाई हल्ल्यात याहून जास्त माणसं मेली नाहीत.

त्यातला एक बॉम्ब, ५० किलोचा, पॉप्लर या गोदी कामगारांच्या वस्तीतल्या अपर नॉर्थ स्ट्रीट शाळेवर पडला. छपरातून शिरला, वरच्या मजल्यावरचा मुलींचा वर्ग भेदून गेला, मधला मुलांचा वर्गही भेदून गेला आणि तळमजल्यावर बालवर्गात फुटला. तिथे ६४ मुलं होती. १८ मुलं गेली, त्यातली बहुतेक जेमतेम पाच वर्षांची. शाळेच्या रखवालदाराला ढिगाऱ्यात स्वतःच्या मुलाचा देह सापडला. २० जूनला सगळ्या वस्तीने त्यांना निरोप दिला.

विमानांबद्दल लिहिताना इंजिन, वेग आणि पल्ला यांत रमून जाणं सोपं असतं. मलाही ते आवडतं. पण गोथाबद्दल काही वाचायचं असेल तर या वर्गखोलीपासून सुरुवात करावी, असं मला मनापासून वाटतं. बॉम्ब शाळेवर मुद्दाम टाकला नव्हता, ही गोष्ट खरी. पण ४,००० मीटरहून जास्त उंचीवरून, वाऱ्यात हेलकावणाऱ्या विमानातून सोडलेला बॉम्ब अमुक एका इमारतीवरच पडेल, असं तेव्हा कुणीही म्हणू शकत नव्हतं. तरी तो दाट वस्तीवर सोडला गेला, हीही गोष्ट तितकीच खरी.

ब्रिटिश विमानं तेव्हा काय करत होती?

विमानं होती, पण पोहोचत नव्हती. सूचना मिळून, विमान काढून, गोथाच्या उंचीपर्यंत चढेपर्यंत गोथा परतीच्या वाटेला लागलेली असत. चांगली लढाऊ विमानं फ्रान्समध्ये आघाडीवर होती आणि इंग्लंडमध्ये राहिलेली बरीचशी जुनी होती. १३ जूनला एकही गोथा पडलं नाही.

संताप इतका झाला की ५६ क्रमांकाचं नावाजलेलं स्क्वाड्रन फ्रान्समधून कँटरबरीजवळ आणलं आणि ६६ क्रमांकाचं कॅलेला ठेवलं. दोन आठवडे काही घडलं नाही, म्हणून जुलैच्या सुरुवातीला दोन्ही पुन्हा आघाडीवर गेली. लगेच ७ जुलैला गोथा लंडनवर परत आली. या वेळी पन्नासहून जास्त माणसं मेली आणि पूर्व लंडनमध्ये जर्मन वाटणाऱ्या नावांच्या दुकानांवर जमाव चालून गेला.

या दुसऱ्या हल्ल्यात ब्रांडेनबुर्ग नव्हता. १३ जूनच्या कामगिरीबद्दल त्याला सर्वोच्च पदक मिळालं होतं, पण सम्राटाची भेट घेऊन परत येताना त्याचं विमान कोसळलं आणि त्याने एक पाय गमावला. त्याच्या जागी रुडॉल्फ क्लाइने आला. डिसेंबर १९१७ मध्ये बेल्जियममधल्या इप्र शहराजवळ तो मारला गेला आणि १९१८ मध्ये ब्रांडेनबुर्ग कृत्रिम पाय लावून पुन्हा प्रमुखपदी आला.

दिवसाचे हल्ले सोडून रात्री का येऊ लागले?

कारण बचाव सुधारला. मेजर जनरल ॲशमोर यांच्याकडे लंडनच्या संरक्षणाची सगळी सूत्रं एकत्र आली: तोफा, सर्चलाइट, निरीक्षणचौक्या, लढाऊ विमानं. २२ ऑगस्ट १९१७ च्या दिवसाच्या हल्ल्यात इंग्लंडच्या आग्नेयेला केंटच्या किनाऱ्यावरच तीन गोथा पडली. त्यानंतर जर्मनांनी दिवसाचा नाद सोडला.

पहिल्याच रात्री, ३ सप्टेंबरला, चॅटमच्या नौदल बराकीत कवायतीच्या हॉलवर बॉम्ब पडला. तिथे नौसैनिक दाटीवाटीने झोपले होते. काचेचं छप्पर त्यांच्यावर कोसळलं आणि सुमारे १३० जण मेले. पुढच्याच रात्री लंडन. २४ सप्टेंबर ते १ ऑक्टोबर या आठ रात्रींत तर सहा हल्ले झाले. लाखो लोक भुयारी रेल्वेच्या स्टेशनांवर रात्र काढू लागले. पोलीस गळ्यात ‘आडोशाला जा’ अशा पाट्या अडकवून सायकलवरून फिरत आणि धोका टळला की बालवीर बिगुल वाजवत.

रात्रीच्या अंधारात सॉपविथ कॅमल हे छोटं, चपळ, लहरी ब्रिटिश लढाऊ विमान उडवणं म्हणजे आत्महत्या, असं तोवर मानत. ३ सप्टेंबरलाच ४४ स्क्वाड्रनच्या मर्लिस ग्रीनने दोन सहकाऱ्यांसह ते उडवून सुखरूप उतरवून दाखवलं. पुढे २८ जानेवारी १९१८ च्या रात्री त्याच स्क्वाड्रनच्या हॅकविल आणि बँक्स यांनी एक गोथा एसेक्समधल्या विकफर्डजवळ पाडलं. लंडनच्या बाहेर फुग्यांच्या मधून पोलादी तारांचे पडदेही टांगले होते. त्यात विमान अडकावं हा हेतू होताच, पण खरा फायदा वेगळा होता. बॉम्बर ठरावीक उंचीच्या खाली यायचे नाहीत, त्यामुळे तोफांना आणि पायलटांना कुठे बघायचं ते कळे.

गोथाचा सर्वात मोठा शत्रू कोण?

जमीन. हे उत्तर अनेकांना पटत नाही, पण आकडे तेच सांगतात. इंग्लंडवरच्या मोहिमांत सुमारे ६० गोथा गेली आणि त्यातली निम्म्याहून जास्त अपघातांत, बहुतेक उतरताना.

बॉम्ब टाकून झाले आणि पेट्रोल संपत आलं की विमान हलकं होई आणि त्याचा तोल शेपटीकडे जाई. भरलेलं गोथा बऱ्यापैकी शहाणं होतं, रिकामं गोथा हट्टी होतं. अशात चार-पाच तास थंडीत काकडलेला, विरळ हवेने थकलेला पायलट, खाली धुकं, मैदानावर मोजके दिवे. जी-४ मध्ये पेट्रोलच्या टाक्या इंजिनांच्याच कोशात, म्हणजे इंजिनाभोवतीच्या आवरणात, होत्या, त्यामुळे जोरात आपटलं की गरम इंजिनावर पेट्रोल सांडे आणि विमान पेट घेई. जी-५ मध्ये टाक्या सांगाड्यात हलवल्या, कोश लहान केले. सुधारणा योग्य होती, पण तोवर ब्रिटनच्या नाकेबंदीमुळे जर्मनीत चांगलं लाकूड आणि चांगलं इंधन दोन्ही मिळेनासं झालं होतं. विमान जड झालं आणि अपेक्षेएवढा वेग आलाच नाही. पुढे जी-५बी मध्ये पुढच्या बाजूला जादा चाकं दिली, म्हणजे उतरताना विमान नाकावर उलटू नये.

गोथा आणि ‘जायंट’ एकच का?

नाही. जायंट म्हणजे आर वर्गातली अवाढव्य विमानं, मुख्यतः झेपेलिन-स्टाकेन आर-६. त्याच्या पंखांचा विस्तार ४२ मीटर, इंजिनं चार, आणि १,००० किलोचा बॉम्ब उचलण्याची ताकद. ती सप्टेंबर १९१७ पासून गोथाच्या जोडीने येऊ लागली. जानेवारी १९१८ मध्ये लंडनमधल्या लाँग एकर रस्त्यावरच्या ओडम्स छापखान्याच्या तळघरात आसरा घेतलेली माणसं मेली, तो बॉम्ब गोथाचा नव्हता, जायंटचा होता. इंग्लंडवरच्या हल्ल्यांत ब्रिटिशांना एकही जायंट पाडता आलं नाही.

गोथा फक्त इंग्लंडवरच वापरलं का?

नाही. जी-२ आणि जी-३ आधी बाल्कन आघाडीवर, रुमानियाविरुद्ध वापरली गेली. १९१८ मध्ये पॅरिसवर रात्रीचे हल्ले झाले. ११ मार्चच्या हल्ल्यात बोलिव्हार मेट्रो स्टेशनच्या दाराशी चेंगराचेंगरी होऊन सुमारे ७० माणसं मेली, बॉम्ब अंगावर न पडता. एलव्हीजीने बनवलेली काही जी-४ हिएरो इंजिनं बसवून ऑस्ट्रिया-हंगेरीला दिली गेली. इंग्लंडवरचा शेवटचा मोठा हल्ला १९ मे १९१८ च्या रात्री झाला. ३८ गोथा निघाली आणि सहा-सात परत आली नाहीत. त्यानंतर हे दल पश्चिम आघाडीच्या मागच्या रेल्वेस्थानकांवर आणि दारूगोळ्याच्या कोठारांवर हल्ले करत राहिलं.

मग ही मोहीम यशस्वी झाली की फसली?

जर्मनीला हवं होतं ते मिळालं नाही. ब्रिटिश जनता घाबरली, चिडली, पण तिने तहाची मागणी केली नाही. विमानांच्या हल्ल्यांत ब्रिटनमध्ये ८०० हून अधिक माणसं मेली. प्रत्येकाच्या घरी तो आकडा नव्हता, माणूस होता. पण आघाडीवर तेवढे सैनिक एका सकाळी मरत होते.

एक गोष्ट मात्र साधली. तोफा, सर्चलाइट, स्क्वाड्रन आणि हजारो माणसं फ्रान्सऐवजी इंग्लंडमध्ये अडकून पडली. आणि परिणाम फार लांबवर गेले. ७ जुलैच्या हल्ल्यानंतर पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी दक्षिण आफ्रिकेचे जनरल स्मट्स यांना या प्रश्नाचा अभ्यास करायला सांगितलं. स्मट्स यांच्या ऑगस्टमधल्या अहवालातून स्वतंत्र हवाई दलाची कल्पना पक्की झाली आणि १ एप्रिल १९१८ ला रॉयल एअर फोर्स जन्माला आलं. ॲशमोरने बसवलेली निरीक्षण, दूरध्वनी आणि नियंत्रणकक्षाची घडी १९४० मध्ये ब्रिटनच्या आकाशात झालेल्या लढाईत रडारची जोड मिळून कामी आली.

दुसरा परिणाम वाईट होता. १९१७ च्या दिवसाच्या हल्ल्यांवरून ब्रिटिश हवाई मुख्यालयाने हिशेब केला की एक टन बॉम्बमागे ५० माणसं मरतील किंवा जखमी होतील. सूचना नसताना उघड्यावर उभ्या असलेल्या गर्दीचा हा आकडा पुढच्या सगळ्या युद्धांना लावला गेला. १९३० च्या दशकातली हवाई हल्ल्यांची धास्ती आणि शत्रूची शहरं आधी आपणच उद्ध्वस्त करावीत हा विचार, दोन्हींना या गणिताने खतपाणी घातलं.

ब्रिटिश राजघराण्याने गोथामुळे नाव बदललं, हे खरं का?

एकट्या गोथामुळे नाही. घराण्याचं नाव ‘साक्स-कोबुर्ग-गोथा’ होतं आणि जर्मनविरोधी भावना १९१४ पासूनच तापत होती. पण गोथा नावाची विमानं लंडनवर बॉम्ब टाकत असताना तेच नाव राजाने मिरवणं अशक्य झालं. १७ जुलै १९१७ ला, दुसऱ्या हल्ल्यानंतर दहा दिवसांनी, घराणं ‘विंडसर’ झालं.

या लढाईत कुणी भारतीय होता का?

हरदित सिंग मलिक. रावळपिंडीचे, ऑक्सफर्डमध्ये शिकलेले, पगडीवर मोठं हेल्मेट घालून उडणारे. आधी ते फ्रान्समध्ये कॅमल विमानं उडवत होते. १९१८ मध्ये लंडनच्या बचावासाठी बिगिन हिलला असलेल्या १४१ स्क्वाड्रनमध्ये त्यांची नेमणूक झाली. स्वातंत्र्यानंतर ते फ्रान्समध्ये भारताचे राजदूत होते.

आज गोथा कुठे बघायला मिळेल?

अख्खं गोथा कुठेच उरलेलं नाही. युद्धानंतरच्या व्हर्साय तहाने जर्मनीच्या लष्करी विमानांवर बंदी आली आणि उरलेली विमानं मोडीत निघाली.

खुणा मात्र लंडनमध्ये आहेत, आणि तिथे राहणाऱ्या किंवा जाणाऱ्या मराठी वाचकांनी त्या जरूर बघाव्यात. थेम्सकाठी क्लिओपाट्राज नीडल या प्राचीन इजिप्शियन स्तंभाच्या शेजारी बसलेल्या स्फिंक्सच्या अंगावर ४ सप्टेंबर १९१७ च्या बॉम्बने पाडलेली भोकं तशीच ठेवली आहेत. बोटं आत जातील एवढी मोठी आहेत. शेजारी तशी पाटीही आहे. लिंकन्स इन या वकिलांच्या संस्थेच्या आवारातल्या स्टोन बिल्डिंग्जच्या भिंतीवर १८ डिसेंबर १९१७ च्या हल्ल्याचे व्रण आहेत. डोव्हरजवळ फॅन बे इथे खडूच्या कड्यात कोरलेला ‘ध्वनी आरसा’ आहे, येणाऱ्या विमानांचा आवाज लवकर टिपण्यासाठी १९१७ मध्ये केलेला. आणि पॉप्लर रिक्रिएशन ग्राउंडमध्ये शाळेतल्या त्या १८ मुलांचं स्मारक आहे, प्रत्येकाचं नाव आणि वय कोरलेलं.

त्या कारखान्याचं पुढे काय झालं?

पहिल्या युद्धानंतर पुन्हा डबे. १९३३ नंतर पुन्हा विमानं, त्यात गो-२४२ हे सैनिक वाहून नेणारं ग्लायडर होतं. १९४५ नंतर गोथा शहर पूर्व जर्मनीत गेलं आणि कारखाना ट्राम बनवू लागला. १९६० च्या दशकापर्यंत त्या पूर्व जर्मनीतल्या शहरांत आणि सोव्हिएत संघातही गेल्या. काही जुन्या गोथा ट्राम अजून जपून ठेवल्या आहेत आणि खास दिवशी चालवल्याही जातात.